आठनंतर नऊ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण आजवर बहुतेक वेळा हसूनच. खोटं कशाला बोलू? माझं कामच असं आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी चिखलीच्या घरून काम करते... मोठ्या कंपन्यांच्या डिस्क सांभाळायचं. कुठे काय साठतंय, कोण लिहितंय, जागा का भरतेय, एवढंच बघायचं. दहा वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. डिस्कवर अक्षर उमटलं की ते उमटवणारा प्रोग्राम असतो, आणि तो सापडतो. कधी दहा मिनिटांत, कधी दहा दिवसांत, पण सापडतो. देवाधर्माचं मला वावडं नाही, पण भूतखेत, आत्मा, संकेत वगैरे ऐकलं की मी उठून चहा ठेवायला जाते.

तरीही हे लिहितेय. कारण मागच्या जानेवारीत जे झालं त्याला मी स्वतः साक्षी आहे, आणि त्याची नक्कल माझ्या कपाटात आहे.

माझा आतेभाऊ गजानन, आमचा गजूदादा, याची अमडापूरच्या थोडी पुढे भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, वांगी, आणि जानेवारीत मुख्य म्हणजे टरबूज. पार सुलतानपूर, हिवरा आश्रमाकडचे शेतकरी त्याच्याकडे रोपं सांगून ठेवतात. पुढे दोन पॉलीहाऊस, मागे एक बंद उगवण खोली. थंडीत टरबुजाचं बी लवकर फुटत नाही, म्हणून ट्रे भरून त्या खोलीत दोन-तीन दिवस उबेला ठेवतात. आत हीटर असतो. दार घट्ट बंद. खोलीबाहेर कोंब आलेल्या ट्रेंसाठी प्लास्टिकचा आडोसा, त्यातही तेवढ्याच उबेसाठी वेगळा हीटर. सगळीकडे मिळून बारा सेन्सर आहेत... बोटाएवढी स्टीलची कांडी, तिला वायर. सगळ्या वायरी ऑफिसातल्या कंट्रोलच्या डब्यात येतात आणि डब्यातून एक केबल जुन्या डेस्कटॉपला. सेन्सरने सांगितलेल्या गरमीप्रमाणे हीटर, पंखे चालूबंद होतात, आणि तासातासाला बाराही आकडे कॉम्प्युटरमध्ये नोंदले जातात.

हे सगळं वैशाली बघायची. अमडापूरचीच मुलगी, चोविसेक वर्षांची, बी.एस्सी. झालेली. चार वर्षं तिथेच कामाला.

संक्रांतीनंतर दादाचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"अर्चे, येऊन जाय बरं एक दिवस. कॉम्प्युटरमंदी कोणीतरी हात घालून राह्यलं."

"कोणीतरी म्हणजे?"

"थे फोनवर नाई सांगता येत."

गेल्यावर कळलं. उगवण खोलीतले टरबुजाचे सगळे ट्रे वाया गेले होते. बी आतल्या आत उकडून गेलं होतं, बोटात धरून दाबलं की पिठासारखं. हीटर चालूच राहिला असणार. पण कॉम्प्युटरमधली नोंद पाहिली तर उगवण खोलीचा नऊ नंबरचा सेन्सर तिन्ही दिवस छान अठ्ठावीसच्या आसपास दाखवत होता. कधी सत्तावीस पूर्णांक आठ, कधी अठ्ठावीस पूर्णांक दोन. जसं पाहिजे तसं.

"आता तूच सांग," दादा म्हणाला, "अठ्ठावीसमंदी बी उकडते का? हे आकडे मागून लिवले हायेत. वैशालीनं हीटर पाह्यला नाई, अन् मंग नोंदी बदलून टाकल्या. रोज सकाळी थे पोरगी इथं बसते न, तवा डिस्कचा लाल लाइट सारखा लुकलुकते. नोंद तर तासावर होते. मंग पावणेआठले कायले लिवून राह्यलं थे?"

वैशाली तेव्हा बाहेर ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरत होती. दादाने तिला अजून तोंडावर काही विचारलं नव्हतं. फक्त उगवण खोलीची चावी स्वतःच्या खिशात ठेवली होती आणि टरबुजाचं नवीन बी त्या दिवशी स्वतः आत लावणार होता. पण काय चाललंय ते तिला कळलं होतंच. लहान गावात नोकरी जाणं वेगळं आणि 'नोंदी बदलल्या म्हणून काढली' हे नाव लागणं वेगळं. मला पाणी आणून दिलं आणि ती तिथेच उभी राहिली.

"ताई, मी काईच नाई केलं," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "थांब, बघू तर दे."

खरं सांगायचं तर मला हे काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं. रिकामा कॉम्प्युटर डिस्कवर लिहितोय, ही तक्रार माझ्याकडे महिन्यातून चारदा येते. कधी अपडेट उतरत असतं, कधी अँटिव्हायरस फिरत असतो, कधी फाइलींची यादी बनवणारा प्रोग्राम, कधी सिस्टीमची स्वतःची डायरी. मी एकेक बंद केलं. इंटरनेटची वायर काढली. आणि कुठला प्रोग्राम डिस्कवर किती लिहितोय ते दाखवणारी यादी उघडून बसले. यादी शांत. सगळीकडे शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातलाच हजर झाले. थंडी इतकी की स्कूटीवर बोटं वाकत नव्हती. वैशाली साडेसातला आली. मी तिला मुद्दाम माझ्या समोर खुर्चीवर बसवलं, कीबोर्ड माझ्याकडे. सात बेचाळीसला डिस्कचा लाल लाइट लागला.

सारखा नाही. लुकलुक, थांबा. लुकलुक, थांबा. आणि डिस्कवर एकूण किती लिहिलं गेलं ते मोजणारा आकडा थोडा थोडा वर सरकत होता. प्रोग्रामांच्या यादीत मात्र तसंच... शून्य, शून्य, शून्य. म्हणजे लिहिलं जातंय, पण लिहिणारा यादीत नाही. आठ वाजून काही मिनिटांनी थांबलं. मी सगळ्या फाइली तपासल्या. त्या वेळात एकाही फाइलची तारीख बदलली नव्हती.

दादा दारात उभा राहून बघत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तारीख बी बदलता येते न?"

"येते," मी म्हटलं. खरं होतं ते.

"मंग झालं तर. काई तरी टायमावर लावून ठेवलं असन इनं."

हेही अशक्य नव्हतं. लपून बसणारे प्रोग्राम असतात. मी वैशालीच्या बाजूने काहीच बोलू शकले नाही. दादाने तिला सांगितलं, आजचा-उद्याचा दिवस घरीच राहा. तिने डबा उचलला, ओढणी नीट केली आणि कोणाकडे न बघता गेली. त्या क्षणी मला स्वतःचा राग आला. म्हणून ठरवलं की आता अर्धंमुर्धं नाही, शंकेला जागाच ठेवायची नाही.

त्या संध्याकाळी मी मशीन बंद करून डिस्क बाहेर काढली आणि तिची तंतोतंत नक्कल माझ्या दुसऱ्या डिस्कवर घेतली. फाइलींची नाही, आख्ख्या डिस्कची, रिकाम्या जागेसकट. मग डिस्क परत मशीनमध्ये बसवली, कंट्रोलच्या डब्याची केबल उपटली आणि मशीन बंद ठेवूनच निघाले. एक रात्र नोंद झाली नाही तर बिघडत नाही, डबा आपलं काम स्वतः करतो. ऑफिसला दादाने कुलूप लावलं.

सकाळी दादा आणि मी, दोघंच. मी माझ्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं. म्हणजे डिस्कवरचा एकही प्रोग्राम जागा झाला नाही, सगळं चाललं ते पेनड्राइव्हवरून. त्यात वैशालीने काही लपवून ठेवलेलं असेल तर ते झोपलेलं. डिस्क नुसती जोडलेली, मी ती उघडलीसुद्धा नाही. इंटरनेट नाही, सेन्सरची केबल नाही. कीबोर्ड आणि माउसही काढून टेबलावर उलटे ठेवले. अशा स्थितीत त्या डिस्कवर लिहिणं म्हणजे बंद वहीत, पेनशिवाय...

दादा चहाचा ग्लास हातात घेऊन बसला होता. "आता काई नाई होत," म्हणाला.

सात बेचाळीस.

लुकलुक. थांबा. लुकलुक. थांबा.

दादाचा ग्लास ओठापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला. लाइट बराच वेळ तसाच चालला. मग त्याची चाल बदलली. थांबणं गेलं, नुसती बारीक लुकलुक, एकसारखी, मिनिटामागून मिनिट. जणू कोणी एकाच ठिकाणी उभं आहे. मी घड्याळ लावून बसले होते. अकरा मिनिटं. मग विझला.

"काय हाय हे?" दादा कुजबुजला. कुजबुजायचं काहीच कारण नव्हतं, आजूबाजूला कोणी नव्हतं.

मी डिस्क काढली, पुन्हा आख्खी नक्कल घेतली आणि कालची व आजची एकमेकींना लावून पाहिली. त्यात वेळ गेला, नऊ वाजून गेले असतील. मनात एकच पळवाट होती. कधीकधी डिस्क स्वतःच खराब जागेवरचा मजकूर उचलून चांगल्या जागी ठेवते, तिच्या आतल्या आत. पण तसं असेल तर जुनाच मजकूर हलतो. नवा जन्मत नाही.

फरक एकाच ठिकाणी निघाला. नोंदींची फाइल जिथे संपते त्याच्या पुढे, रिकाम्या जागेत. कुठल्याही फाइलमध्ये नसलेली, सिस्टीमला माहीतही नसलेली नवी अक्षरं. मी ती उघडली.

आकड्यांच्या ओळी. प्रत्येक ओळीत वेळ आणि बारा आकडे, रोजच्या नोंदीसारख्याच. फक्त तासातासाच्या नव्हे, दर पाच सेकंदांच्या. आणि त्या वेळात सेन्सरची केबल माझ्या पायाशी पडलेली होती.

"दादा, वैशालीला बोलव," मी म्हटलं. "हे आकडे रोज ती बघते. मला नाही कळणार."

दादाने फोन लावला. ती पंधरा मिनिटांत भावाच्या गाडीवर आली, डोळे सुजलेले. मी तिला काहीच सांगितलं नाही, फक्त ओळी दाखवल्या. ती वाकून वाचायला लागली. आठ आणि नऊ अठ्ठावीसच्या आसपास, बाकीचे सोळा-सतराच्या, सकाळच्या थंडीतले. एकट्या पाच नंबरचा आकडा चढत गेलेला... सोळा, एकवीस, सत्तावीस, एकतीस, तेहतीस. मग हळूहळू परत खाली. तो उतरतोय तोवर सहा चढायला लागलेला, तसाच तेहतीसपर्यंत. मग सात. मग चार, तीन, दोन, एक.

वैशालीने खुर्चीची पाठ धरली.

"हे तर किसनबाबा हायेत," ती म्हणाली.

मला किसनबाबा माहीत नव्हते. दादाला अर्थातच माहीत होते, कारण त्याचा चेहरा उतरला. रोपवाटिका सुरू झाली तेव्हापासूनचे जुने गडी, अमडापूरचेच. सत्तरीच्या जवळ. दिवाळीच्या आधी घरीच, जेवता जेवता गेले.

वैशाली अडखळत सांगत होती. बाबांचा या यंत्रांवर काडीचा भरवसा नव्हता. रोज सकाळी आल्या आल्या ते एकेक सेन्सर मुठीत धरून उभे राहायचे. हाताच्या उबेने आकडा चढतो. वैशाली इथे स्क्रीनसमोर बसायची. तिकडून ते ओरडायचे, 'चढला का व?' ही म्हणायची, 'चढला, बाबा.' मग ते पुढच्याकडे जायचे.

"म्हणत, मशीन जित्ती हाय का मेली, थे रोज हात लावून पाहाव लागते. अन् ताई, हा नंबर पाहा न तुमी. पाच, सहा, सात, मंग चार, तीन, दोन, एक. कोणताबी मानूस एकपासून चालू करन. बाबा सायकल मागच्या गेटले लावत, म्हणून पाचपासून. दुसरं कोणी असं नाई करत."

ते गेल्यापासून ही तपासणी कोणी केली नव्हती. दादाच म्हणाला होता, कायले सकाळचा टाइम घालवता.

"पुढे वाच," मी म्हटलं.

एकनंतर आठ. आठचा आकडा चढला, पण त्याच्याबरोबर नऊही चढला. दोन्ही एकदम, पायरीला पायरी. दोन्ही उतरले. आणि मग काहीच नाही. ओळीमागून ओळी, बाराही सेन्सर सपाट. अकरा मिनिटं. दहा, अकरा, बाराची पाळी आलीच नाही. तिथेच संपलं होतं.

"आठनंतर नऊ," वैशाली पुटपुटली. "नऊ धरला त्यायनं, पण नऊ चढूनच नाई राह्यला..." आणि एकदम ताठ झाली. "दादा, नऊची वायर! मागं उंदरानं कुरतडली होती, वायरमननं जोडली. त्यानं नऊची जोड आठवर तर नाई दिली? मंग नऊ म्हणून आपुन बाहेरच्या आडोशाचा आठच पाहून राह्यलो! तिथं थंडी शिरते, म्हणून खोलीतला हीटर बी चालूच! उगवण खोलीत खरं किती हाय, थे कोणालेच मालूम नाई!"

"पण परवा तर म्या..." दादा बोलता बोलता थांबला.

परवा त्याने नवीन बी आत लावलं होतं. चावी त्याच्या खिशात होती. गेले दोन दिवस तो ऑफिसातल्या आकड्यावर विसंबून दार न उघडता बसला होता.

आम्ही तिघंही धावलो. दादाला कुलपात चावी घालता येईना, वैशालीने ती त्याच्या हातातून घेऊन उघडलं. दार उघडलं आणि गरम ओल्या हवेचा लोट अंगावर आला, माझा चष्मा पार पांढरा झाला. हीटरची कॉइल लालभडक. दादाने बटण पाडलं. वैशाली आत शिरली आणि वरचे ट्रे ओढून बाहेर फेकल्यासारखे ठेवायला लागली. मग खालच्या थरातला एक ट्रे घेऊन उन्हात बसली, बोटाने माती बाजूला केली, एक बी काढलं आणि नखाने फोडलं.

आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"जित्तं हाय," ती म्हणाली. "कोंब पांढरा हाय. खालचे वाचतात, दादा."

वरचे दोन थर गेले. खालचे वाचले. पुढे महिन्याभरात ते शेतात लागलेही. वायरमनला बोलावून छताजवळचा वायरजोडीचा डबा उघडला तेव्हा वैशाली म्हणाली तेच निघालं... नऊची जोड आठवर. मी आदल्या दिवशीच आठ आणि नऊच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर कदाचित मलाही कळलं असतं. नाही पाहिल्या. मी लिहिणारा शोधत होते, काय लिहिलंय ते नाही.

संध्याकाळी दादा मला घेऊन वैशालीच्या घरी गेला. तिच्या वडिलांसमोर त्याने उगवण खोलीची चावी तिच्या पुढे धरली. माफी वगैरे त्याला जमत नाही. नुसता म्हणाला, "माह्यं चुकलं व, पोरी."

तिने चावी लगेच घेतली नाही. "घेतो," म्हणाली, "पण पुढच्या खेपेले शंका आली तर तुमी मले तोंडावर इचारजा. मागून नाई."

"हाव," दादा म्हणाला. मान खालीच होती.

नंतर मी ती नक्कल घरी नीट चाळली. डिस्कच्या रिकाम्या जागेत अशा आणखी सकाळी सापडल्या. पहिली, वायरमन येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तीत नऊपाशी सव्वा मिनिट थांबलेलं. दुसरीत दोन. मग वाढत वाढत अकरा. त्या सगळ्या सकाळी तो लाल लाइट लागला असणार, आणि त्याच्यासमोर बसलेल्या मुलीवर आम्ही संशय घेत होतो.

जोड दुरुस्त झाल्यावर मी आठ दिवस सकाळी जाऊन बसले. पेनड्राइव्ह लावून, डिस्कवरून, दोन्ही तऱ्हांनी. एकदाही लाइट लागला नाही. दादाने किसनबाबांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. त्या माउलीला काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "त्यायले अर्धं काम टाकून येता येतच नव्हतं." त्यांच्यापुरतं ते तेवढ्यावर मिटलं.

माझं मिटत नाही. कंपनीतल्या माझ्या सीनिअरना दोन्ही नकला पाठवल्या, ते या धंद्यात माझ्या दुप्पट वर्षं आहेत. त्यांनी आठवडाभर पाहिलं. मग फोन करून म्हणाले, तुझ्या हातून नक्कल घेताना काहीतरी गडबड झाली असेल. मी म्हटलं, सर, मग ओळींमधल्या वेळा बघा. त्यांनी पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही नकला परत पाठवून दिल्या.

झालं असं होतं, की त्या सकाळी मशीन माझ्या पेनड्राइव्हवरून चालू होतं आणि कामाच्या सवयीने मी मशीनचं घड्याळही जागतिक वेळेला लावलं होतं. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. त्या वेळी त्या मशीनमध्ये, आतबाहेर कुठेही विचारलं असतं तर रात्रीचे दोन वाजून बारा मिनिटं झाल्याचं उत्तर मिळालं असतं. डिस्कवरच्या पहिल्या ओळीत मात्र सात बेचाळीसच लिहिलं आहे. अमडापूरचे सात बेचाळीस. ही वेळ त्या मशीनमध्ये कुठेच नव्हती; ती होती माझ्या मनगटावर, आणि बाहेर पत्र्यावर नुकत्याच आलेल्या उन्हात.